इलाबाईंनी वाचून दाखवलेलं पत्र

आयला फर्ग्युसन नागपूरला आली ती १९६६ च्या नोव्हेंबरात, आणि पहिल्याच आठवड्यात तिला आपलं नाव सोडावं लागलं. मिशनच्या बंगल्यावर तिला मराठी शिकवायला वामनराव नावाचे निवृत्त शाळामास्तर येत. त्यांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. वामनरावांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा लावला.

"बाई, हे नाव बाजारात कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "आमच्याकडे पायाला ठेच लागली की माणूस हा शब्द तोंडातून काढतो."

त्यांनीच मग तिला इला हे नाव दिलं. पुराणातलं आहे, कुणी हसणार नाही, म्हणाले. महिन्याभरात सदर भागातल्या बंगल्यापासून इंदोरा वस्तीतल्या दवाखान्यापर्यंत सगळे तिला इलाबाई म्हणू लागले. स्कॉटलंडमधल्या आईला तिने हे कळवलं तेव्हा आईने उलट टपाली विचारलं, की तुझ्या आजीचं नाव बदलायला तुला कुणी सांगितलं? इला चोवीस वर्षांची होती, नर्सिंग शिकलेली होती, आणि देवाने आपल्याला बोलावलं आहे अशी तिची मनापासून खात्री होती.

तिचा दिवस साडेपाचला सुरू होई. व्हरांड्यात चहा, मग मिस रॅटरेंबरोबर प्रार्थना, मग तासभर वामनराव. साडेआठला सायकलवरून दवाखाना. दवाखाना म्हणजे कौलारू छपराच्या तीन खोल्या. बाहेर बाकांवर लेकुरवाळ्या बाया बसलेल्या असत. दुखरे डोळे, वाहणारे कान, खरूज, भाजलेले हात. डॉक्टरीण आठवड्यातून तीनदा येई, बाकी सगळं इलाकडे. दुपारी वस्तीत जाऊन ती तान्ह्या पोरांची वजनं करी. रविवारी चर्चमध्ये मराठी गाणी म्हणताना शब्दांच्या मागून धावत सुटे आणि शेवटच्या ओळीला कशीबशी बाकीच्यांना गाठे.

मिस रॅटरे या मिशनच्या प्रमुख. एकतीस वर्षं नागपुरात काढलेल्या, उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. इलाला उतरवून घ्यायला त्या स्वतः मुंबईच्या बंदरावर गेल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यात इलाला कावीळ झाली तेव्हा रोज सकाळी त्यांनी तिला आपल्या हाताने उसाचा रस पाजला, आणि घराच्या आठवणीने ती रडू लागली की गोष्ट सांगावी तशी आपल्या पहिल्या वर्षाची फजिती सांगत बसल्या. इलाच्या मनात त्यांच्याविषयी जे होतं त्याला ती आदर म्हणे. खरं तर ती माया होती.

दवाखान्यात भीमाबाई नावाची आया होती. बत्तीस वर्षांची, ठेंगणी, चालायला चपळ. नवरा आनंदराव कापडगिरणीत विणायचे साचे सांभाळी. एकुलती मुलगी प्रेमिला, तिसरीत शिकणारी. इला कामावर आली त्याच दिवशी पट्ट्या उकळत ठेवता ठेवता भीमाबाईने तिला सांगून टाकलं :

"एक गोष्ट आधीच सांगते. मी इथं काम करते, पण प्रार्थनेत बसत नाही. मोठ्या बाईले मालूम आहे, तुमाले बी मालूम असू द्या. छप्पन साली आमी दीक्षा घेतली. प्रेमिला पोटात होती माझ्या. दोघींनी एकाच वक्ती घेतली म्हणा ना."

अशा वेळी काय बोलायचं हे इलाला एडिंबराच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण इथे, उकळत्या पाण्याच्या वाफेत, त्यातलं एकही वाक्य तिच्या ओठांवर आलं नाही. ती नुसतं "बरं" म्हणाली. आणि म्हणाल्यावर तिला जरा हलकं वाटलं.

दोघींची गट्टी जमली ती भाषेवरून. वामनराव सकाळी जे शिकवत ते भीमाबाई दुपारपर्यंत मोडीत काढी. वामनराव म्हणत 'मला', भीमाबाई म्हणे 'मले'. वामनराव 'का' विचारत, भीमाबाई 'काहून'. वामनरावांची कोथिंबीर भीमाबाईच्या टोपलीत सांबार होई. एकदा इलाने रांगेतल्या बाईला पंडिती मराठीत सांगितलं, की आपण कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करावी. ती बाई घाबरून उठून चालली. भीमाबाईने तिला बाहीला धरून बसवलं आणि हसू आवरत इलाला म्हणाली, "अशी नाही बोलत वं. 'बस जराशी' म्हण ना. ते तं कचेरीतल्यावानी झालं."

त्या दिवसापासून ती इलाला 'तू' म्हणू लागली. "माझ्या लहान बहिणीएवढी तं आहेस," एवढंच कारण तिने दिलं. मिस रॅटरे समोर असल्या की तेवढं 'तुमी' होई.

१९६७ च्या दसऱ्याला भीमाबाईने इलाला घरी जेवायला बोलावलं. सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आलेली ती पांढऱ्या लुगड्यात होती, आणि घरी माणसांची ये-जा चालली होती. तांदळाची खीर, सांबारवडी, कढी. आनंदराव मोजकं बोलणारा माणूस, पण तिच्या ताटात वाढायला तो स्वतः उठला. जेवण झाल्यावर इलाने पिशवीतून कॅमेरा काढला. आनंदरावाने तिला थांबवलं, आत गेला, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून आणली, खुर्चीवर बसला आणि ती मांडीवर उभी धरली. भीमाबाई त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. दोघांच्या मध्ये प्रेमिला, नव्या फ्रॉकात, तेल लावून चप्प बसवलेल्या वेण्यांची. ऊन नेमकं तिच्या तोंडावर होतं. तिने डोळे इतके बारीक केले, की फोटो धुऊन आला तेव्हा पोरगी आता रडेल की मग असं वाटत होतं. भीमाबाई त्यावर हसली होती.

इलाने तो फोटो गुरुवारच्या पत्राबरोबर मायदेशी पाठवला. दर गुरुवारी प्रत्येक मिशनऱ्याने एक पत्र लिहायचं असा नियम होता. ती पत्रं मिस रॅटरे एकत्र करत, टाइपरायटरवर स्वच्छ उतरवत आणि एडिंबराच्या मंडळाकडे रवाना करत. मंडळाच्या मासिकात ती छापून येत आणि गावोगावच्या चर्चमध्ये वाचली जात. इला आधी वहीत कच्चं लिहून काढी. त्या दिवशी तिने लिहिलं : 'सोबतच्या फोटोत माझी मैत्रीण भीमाबाई आहे, तिचा नवरा आणि तिची मुलगी. ती ख्रिस्ती नाही आणि होणारही नाही. तिने मला या गावात बोलायला शिकवलं. तिला माझ्याकडून काहीही नको आहे, आणि तरी ती मला घरी बोलावते. मी शिकवायला आले होते, पण आजवर शिकतेच आहे.' मिस रॅटरेंनी पत्र घेतलं, चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "छान लिहितेस तू." इला त्या शब्दांवर दिवसभर तरंगत होती.

फेब्रुवारीत दवाखान्याच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. वर नाव 'प्रेमिला'. आत लोकरीचा लाल स्वेटर, रंगीत पेन्सिली, निळ्या डोळ्यांची एक बाहुली, आणि जाड कागदाचं मोठं कार्ड. कार्डावर मासिकातून कापलेला फोटो चिकटवलेला होता आणि खाली एकोणीस मुलांच्या वाकड्यातिकड्या सह्या.

भीमाबाईने ओले हात पदराला पुसले आणि फोटो बोटाने चाचपून पाहिला. फोटोत एकटी प्रेमिला होती. नुसता चेहरा, बारीक केलेले डोळे.

"आमी कुठं गेलो वं?" तिने विचारलं.

इला तोवर कार्ड वाचत होती. एका खेड्यातल्या रविवारच्या शाळेतल्या मुलांनी लिहिलं होतं : 'प्रिय प्रेमिला, तुझी आई तुला देवळाच्या पायरीवर टाकून गेली हे मासिकात वाचून आम्हांला फार वाईट वाटलं. फोटोत तू रडते आहेस. आता रडू नकोस. आता मिस फर्ग्युसन तुझी आई आहे, आणि तू येशूची झाली आहेस. आम्ही रोज रात्री तुझं नाव घेतो.'

"काहून गप झाली?" भीमाबाई म्हणाली. "वाच ना. काय लिवलं?"

तिचा चेहरा उजळलेला होता. सात समुद्रांपलीकडून तिच्या पोरीच्या नावाने खोकं आलं होतं, बाकांवरच्या बाया माना उंचावून बघत होत्या. इलाने मनात ठरवलं, आधी मंडळाला लिहायचं. ही कुणा दूरच्या कारकुनाची घोडचूक आहे, ती दुरुस्त झाली की मग भीमाबाईला नीट सांगायचं. आत्ता सगळ्यांसमोर नको.

"फोटो मोठा होता, म्हणून कापला त्यांनी," ती म्हणाली. "लिहिलंय, प्रिय प्रेमिला, तुझा फोटो आम्हांला फार आवडला. खूप अभ्यास कर."

"माझं काई लिवलं?"

"हो." इलाने कार्डावरून नजर उचलली नाही. "तुझी आई फार चांगली आहे, असं लिहिलंय."

भीमाबाईने कार्ड परत घेतलं आणि कापडात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवलं.

त्याच दुपारी इलाने मंडळाला तीन पानी पत्र लिहिलं. हे कुणी केलं, माझ्या नावाने असं कसं छापलं, पुढच्या अंकात जाहीर माफी छापा. रागाने तिचं अक्षर कागदात रुतत होतं. तिने ते मिस रॅटरेंना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, लिफाफ्यात घातलं आणि तिच्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्याच्या टपालात टाकते. तू मनाला लावून घेऊ नकोस." आपल्या बाजूने कुणीतरी आहे या समाधानात इला कामाला लागली.

तीन आठवडे गेले. इला उत्तराची वाट पाहत होती आणि भीमाबाईच्या नजरेला नजर देणं टाळत होती. भीमाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिला वाटलं, उन्हाळा लागला म्हणून पोरगी मलूल आहे. तिने तिच्यासाठी घरून कैरीचं पन्हं आणायला सुरुवात केली.

मार्चमधल्या एका सोमवारी दवाखाना उघडण्याआधीच भीमाबाई तणतणत आली. हातात कार्ड, चेहरा लाल.

"चाल माझ्यासंगं शाळेत," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्या मनोहरराव मास्तरले सांग."

"काय झालं?"

"प्रेमिलानं हे शाळेत नेलं दाखवाले. मास्तरनं सगळ्या वर्गासमोर वाचलं अन् भलतंच सांगितलं. म्हणे, हिच्या मायनं हिले देवळाजवळ टाकून देलं होतं. म्हणे ही ख्रिस्ताव झाली. दोन दिवस झाले, पोट्टी जेवत नाही. काल मले विचारते, आई, मी कोनाची आहो?" भीमाबाईने श्वास घेतला. "मी गेली शाळेत. चांगली भांडली मास्तरशी. म्हटलं, आमच्या इलानं स्वतः वाचून दाखवलं मले, तिची मायबोली आहे ते, तुमची इंग्रजी कच्ची असन. तं तो हसते. म्हणे, आणा तुमच्या मडमेले. चाल तू. फक्त एक वक्त त्याच्यासमोर वाच."

इला जागची हलली नाही. बाकावर अजून कुणी आलेलं नव्हतं. स्टोव्हवर सुया उकळत होत्या, त्यांची खडखड तेवढी ऐकू येत होती.

"भीमाबाई," ती म्हणाली, "मास्तरांनी बरोबर वाचलं."

भीमाबाईने ऐकलं, पण तिला ते पोचायला वेळ लागला. "म्हणजे?"

"कार्डात तेच लिहिलंय. मासिकाने खोटं छापलं. मी असं लिहिलं नव्हतं, शपथेवर सांगते, मी अगदी उलट लिहिलं होतं. मी त्यांना पत्र पाठवलंय, उत्तर आलं की तुला सांगणारच होते."

"तू तं वाचलं होतं," भीमाबाई हळू म्हणाली. "मी विचारलं तुले, माझं काई लिवलं काय. तं तू म्हटलं, हव."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मी मास्तरशी भांडली. गावासमोर." तिने कार्डाकडे पाहिलं, मग इलाकडे. "वाचा आता. खरं खरं वाचा. सगळं."

आता ते 'वाच' नव्हतं, 'वाचा' होतं. इला वाचू लागली. वामनरावांनी शिकवलेल्या स्वच्छ मराठीत एक एक ओळ. 'आता मिस फर्ग्युसन तुझी आई आहे' या वाक्यापाशी ती थांबली, तेव्हा भीमाबाई म्हणाली, "पुढं." तिने तेही वाचलं. वाचून झालं तसं भीमाबाईने कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं, कंबरेला खोचलेली कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. तिने दार आपटलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. इलाला त्यापेक्षा ते बरं वाटलं असतं.

दुपारी दवाखाना बंद करून इला तडक बंगल्यावर गेली. मिस रॅटरे व्हरांड्यात टाइपरायटरपुढे बसल्या होत्या. इलाने घडलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, की मंडळाचं उत्तर अजून कसं आलं नाही. आता तार करूया का?

मिस रॅटरेंनी टाइपरायटरमधला कागद काढून बाजूला ठेवला. मग टेबलाचा खण उघडला आणि त्यातून लिफाफा काढून इलापुढे ठेवला. तिचंच पत्र होतं ते. तीन पानी, तिच्या रुतलेल्या अक्षरातलं.

"मी ते पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "मंडळाचा काही दोष नव्हता. त्यांच्याकडे गेलं ते मी लिहिलेलं होतं."

इलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही?"

"मी तुझं पत्र उतरवताना बदललं. फोटोही मीच कापून पाठवला. बस, इला."

ती बसली नाही.

"गेल्या वर्षी मंडळ हा दवाखाना बंद करायला निघालं होतं," मिस रॅटरे सांगू लागल्या. आवाज नेहमीसारखाच होता, शांत आणि थोडा थकलेला. "तुला ते सांगितलं नाही, कारण तू नवी होतीस. लोक मासिक वाचतात, हळहळतात, आणि त्यावर आपली औषधं येतात. तू जिच्याविषयी लिहिलंस तिला आपल्याकडून काहीच नको आहे. तसं तू स्वतःच लिहिलंस. ते पत्र घेऊन मी काय करायचं होतं, तूच सांग. बाकांवर बसणाऱ्या बायांची पोरं कुणाच्या जिवावर जगवायची?"

"मग दुसरं कुणाचं तरी लिहायचं होतं," इला म्हणाली. "खरंच टाकून दिलेलं एखादं मूल असेल. भीमाबाईच का?"

"फोटो चांगला होता," मिस रॅटरे म्हणाल्या.

तेही अगदी साधेपणाने. इलाने विचारलं, "माझी आधीची पत्रं? तीही?"

मिस रॅटरेंनी बाजूचा कागद उचलून पुन्हा टाइपरायटरमध्ये सरकवला. वर्षभर आईचे शेजारी, चर्चमधली माणसं, शाळेतल्या जुन्या बाई जिचं कौतुक करत होत्या ती इला कुणी वेगळीच होती. तिने काय काय केलं होतं, कुणाला वाचवलं होतं, हे या इलाला माहीतही नव्हतं.

"तुम्ही मला उसाचा रस पाजलात," ती म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"ते खरंच होतं," मिस रॅटरे म्हणाल्या. "तेही आणि हेही. माझ्याइतकी वर्षं इथे काढलीस तर तुला कळेल."

इलाने आपलं पत्र उचललं आणि सायकल काढली. जीपीओत जाऊन तिने ते स्वतः पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने त्या रविवारच्या शाळेच्या बाईंनाही लिहिलं, कारण पत्ता कार्डाच्या मागेच होता आणि तिने तो पार्सल आलं त्याच दिवशी वहीत उतरवून घेतला होता. प्रेमिला कोण, तिचे आईवडील कोण, ते कसे राहतात, सगळं लिहिलं. मूळ फोटोची एक प्रत जोडली.

मग ती कच्ची वही घेऊन भीमाबाईच्या घरी गेली. आनंदराव दुसऱ्या पाळीचा असल्याने घरी होता. त्याने खुर्ची दिली. भीमाबाई आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. इलाने वहीतलं पान काढलं आणि आपण खरं काय लिहिलं होतं ते मराठीत सांगत वाचलं. आवाज मुद्दाम आत ऐकू जाईल एवढा ठेवला. मोठ्या बाईंनी काय केलं तेही सांगितलं. आनंदरावाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "आमची इज्जत ठेवली होती तुमी."

आतून भीमाबाईचा आवाज आला. ती इलाशी नाही, नवऱ्याशी बोलत होती. "मोठ्या बाईशी माझं काई नव्हतं. ते दूरचे लोक काय बी छापू दे, मी त्याइले ओळखत नाही. हिले ओळखत होती. हिनं माझ्या तोंडाकडे पाहून खोटं वाचलं, ते इचारा तिले."

इलाने वही मिटली. निघताना आनंदरावाने बाहुली आणि स्वेटर एका पिशवीत घालून तिच्या हाती दिले. पेन्सिली प्रेमिलाने आधीच वापरून आखूड केल्या होत्या, त्या परत करता येत नव्हत्या. त्याबद्दल तो दिलगिरीने बोलला.

भीमाबाई पुन्हा दवाखान्यात आली नाही. प्रताप नगरात एका डॉक्टरीणबाईंनी नवं प्रसूतिगृह काढलं होतं, तिथे तिला काम मिळालं. तिच्या जागी अंजनाबाई आल्या. भल्या बाई होत्या, इलाला मान देऊन बोलत. इला त्यांच्याशी कामापुरतं बोले. त्यांना किती मुलं, घर कुठे, हे तिने कधी विचारलं नाही. मिस रॅटरेंबरोबर ती दिवसातून तीन वेळा जेवायला बसे, आणि मीठ, पाणी, पाव एवढेच शब्द त्या टेबलावर उरले होते. गुरुवारी ती पत्र लिहीत नसे. तरीही मेच्या अंकात तिच्या नावाचं एक पत्र छापून आलं, नागपूरचा उन्हाळा आणि विहिरीवर पाण्यासाठी तिष्ठणाऱ्या विधवा यांच्याविषयी. आईने ते कापून पाठवलं आणि लिहिलं, की वाचताना मी रडले.

मंडळाचं उत्तर जूनमध्ये आलं. त्यात माफी नव्हती. मिस फर्ग्युसन यांच्यावर कामाचा ताण पडलेला दिसतो, तरी त्यांनी परत यावं, प्रकृतीच्या कारणाने परत बोलावत आहोत असं मासिकात कळवण्यात येईल. त्याच आठवड्यात रविवारच्या शाळेच्या बाईंचंही पत्र आलं. ते घेऊन इला सायकलवरून प्रताप नगरला गेली. भीमाबाई प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. इला दिसताच तिचा हात थांबला, पण ती आत गेली नाही.

"पत्र आलंय," इला म्हणाली. "त्या मुलांच्या बाईंचं. तुझ्याविषयी आहे. जसं आहे तसं वाचते."

"वाचा."

इलाने वाचलं. बाईंनी लिहिलं होतं : 'आपल्या पत्राने आम्ही चक्रावलो. मुलांना मासिक खोटं बोललं असं सांगणं मला योग्य वाटलं नाही, त्यांचा विश्वास उडाला असता. म्हणून मी त्यांना सांगितलं, की तुमच्या प्रार्थनेमुळे प्रेमिलाची हरवलेली आई सापडली. मुलांना अतिशय आनंद झाला. आम्ही आभाराची प्रार्थना केली आणि केक कापला.'

भीमाबाईने चादरीचं टोक ओढून सरळ केलं, चिमटा लावला. "म्हणजे तिकडं मी हरवली होती, आता सापडली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशी ती बोलली. "बरं. अजून काई आहे?"

"मी परत चाललेय. मायदेशी."

"कवा?"

"पुढच्या बुधवारी."

भीमाबाईने मान हलवली. आतून कुणीतरी तिला हाक मारली. "पेशंट आहे," ती म्हणाली आणि रिकामी बादली उचलून गेली. दाराशी जरा घुटमळल्यासारखी वाटली, पण चप्पल काढायला वाकली होती एवढंच.

आनंदराव फाटकाबाहेर उभा होता. पाळी संपवून बायकोला न्यायला आला होता. इलाने सायकल हाती धरली, तसा तो वळणापर्यंत तिच्यासोबत चालत आला.

"प्रेमिला कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे. शाळा बदलली तिची." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "बाई, मनावर घेऊ नका. आमच्या हिचं असंच आहे. तिच्या सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलली नव्हती, मग बोलली. तिले वेळ लागते. तुमी येत जा अधूनमधून."

"मी पुढच्या बुधवारी जातेय, आनंदराव. कायमची."

"असं," तो म्हणाला. वळणावर दोघं थांबले. समोरून हिंगण्याकडे जाणारी बस धूळ उडवत गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो तिच्यासोबत उभा राहिला, मग त्याने हात जोडले आणि फाटकाकडे परत निघाला.